कमरेचा माग

गल्लीत तिला सगळे 'कमान' म्हणायचे. तोंडावर मावशी, पाठीमागे कमान. बाई कमरेत अशी वाकली होती की समोरच्याचं तोंड बघायचं तर तिला मान उचलावी लागे, आणि कुणाचं तोंड बघण्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत असं तिला फारसं वाटतही नसे. आपल्याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. म्हणू देत बापडे, लोकांच्या तोंडाला कुणी हात लावलाय?

ही कमान बांधली होती तिच्या मागानं. त्या गल्लीतले माग म्हणजे काही खटखट करणारी मोठी धुडं नव्हेत. दोन काठ्या, थोडी दोरी आणि एक चामड्याचा पट्टा, एवढाच संसार. उभ्या धाग्यांचं एक टोक एका काठीला बांधून ती काठी खांबाला अडकवायची. दुसरं टोक दुसऱ्या काठीला, आणि ती काठी आपल्या पोटाशी. तिला जोडलेला पट्टा कमरेमागून आवळायचा आणि जमिनीवर पाय लांब करून बसायचं. मागे रेललं की धागे ताठ होतात, पुढे झालं की सैल. आडव्या धाग्याची कांडी घातलेला धोटा या काठाकडून त्या काठाकडे सरकवायचा, तो धागा लाकडी पट्टीनं ठोकून बसवायचा आणि पुन्हा रेलायचं. म्हणजे अर्धा माग लाकडाचा आणि अर्धा बाईचा. म्हणून तर अर्ध्यावर आलेलं कापड दुसरीच्या कमरेला कधी देत नसत. एकीच्या अंगाचा ताण दुसरीला येत नाही, आणि जिथं बाई बदलली तिथं कापडाला पायरी पडते. ती आंधळ्यालाही हाताला लागते.

नवरा दोन पोरी पदरात टाकून गेला तेव्हा धाकटी अजून अंगावर पीत होती. कमानीनं तिला मांडीवर घेऊन विणलं. ताप असताना विणलं, दात दुखत असताना विणलं, सासरच्यांनी भांडी वाटून नेली त्या दुपारीसुद्धा विणलं. पट्ट्याखालची कातडी आधी सोलली, मग काळी पडली, मग तिथं बैलाच्या खांद्याला येतो तसा घट्टा आला. पुढं पुढं रेललं की कण्यात कुणी विळा फिरवल्यासारखं व्हायचं. ती ओठ चावून रेलायची. दोन तोंडं खायला बसलेली असताना कण्याची तक्रार ऐकायला कुणाला सवड होती?

मग एके दिवशी थोरलीनं गंमत म्हणून पट्टा बांधला. पोर अजून न्हातीधुतीही झाली नव्हती. तिनं वीतभर विणलं आणि कमानीनं काठावरून बोट फिरवलं. काठ सुरीनं कापल्यासारखा सरळ. तिला स्वतःला सगळा जन्म घालवून असा काठ जमला नव्हता. तिनं पोरीची अलाबला घेतली, आपला पट्टा काढून खुंटीला टांगला आणि मनाशी शपथ घेतली, की आता मेले तरी या पट्ट्यात परत बसणार नाही.

तेव्हापासून घराची घडी बसली. थोरली विणायची, कमान कांड्या भरायची, स्वयंपाक करायची आणि गठ्ठेवाल्याशी भावावरून भांडायची. गठ्ठेवाला म्हणजे घरोघरचं कापड उचलून बाजारात नेणारा माणूस. तो थोरलीचं कापड उलगडूनसुद्धा बघत नसे. धाकटीही मोठी झाल्यावर दुसऱ्या खांबाला माग लावून बसली, पण तिचं बसणं म्हणजे नाव मोठं लक्षण खोटं. तिची जीभ धोट्यापेक्षा जोरात चालायची. ती मध्येच रेलायला विसरायची, मग आठवलं की एकदम जोर लावायची, आणि तिचं कापड मध्ये आत ओढलं जायचं. "हिच्या कापडाला हिच्यापेक्षा बारीक कंबर आहे," असं थोरली म्हणायची आणि दोघी हसत सुटायच्या. धाकटी होतीच तशी, तिच्यावर रागावणं कुणाला जमायचं नाही.

सगळं सुरळीत चाललं असताना विणकामघराच्या बाई गल्लीत आल्या.

विणकामघर नदीपलीकडं होतं. मोठी इमारत, मोठ्या खिडक्या. दरवर्षी त्या बाई एका गल्लीतून एक विणकरीण निवडून न्यायच्या. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, नवं काम शिकायचं आणि वर पगार. या वर्षी या गल्लीचा नंबर लागला. प्रत्येकीनं आपल्या हातचा एक तुकडा द्यायचा, नाव सांगायचं नाही, फक्त कोपऱ्यात आपला खुणेचा धागा ठेवायचा. तशी खूण गल्लीत प्रत्येकीची असायचीच, म्हणजे कापड खराब निघालं तर कुणाच्या नावानं बोंब मारायची ते गठ्ठेवाल्याला कळावं. थोरलीचा धागा निळा, धाकटीचा तांबडा.

"एका घरातून एकदाच एक," बाईंनी बजावलं. "आणि हातचलाखी केलीत तर त्या घराचा उंबरा आम्ही पुन्हा चढणार नाही. मागं एका सासूनं आपलं कापड सुनेचं म्हणून खपवलं. कळलं तेव्हा दोघींनाही घरी बसवलं, कायमचं."

थोरलीनं त्या तुकड्यात जीव ओतला. माग लावताना एकेक उभा धागा बोटांत धरून पाहिला. कमानीनं इतक्या वर्षांत तिला काही मागताना पाहिलं नव्हतं, ना कपडा, ना दागिना. पण आता ती जेवताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "आई, तिथले माग म्हणे स्वतःच्या पायांवर उभे असतात. बाई नुसती समोर बसते. कमरेला काही बांधावंच लागत नाही."

"असेल," कमान म्हणायची.

"पाठ मोडत नाही म्हणे. म्हाताऱ्या बायकासुद्धा ताठ चालतात तिथल्या."

"जेव आधी. निवतंय."

पण कमानीला घास उतरत नव्हता. थोरलीचा तुकडा तिनं हातात घेऊन पाहिला होता, आणि हातच्या कांकणाला आरसा लागत नाही. गल्लीत त्याच्या जवळपास जाणारं कापड नव्हतं. पोरगी जाणार. मग घरी उरणार कोण? धाकटी. तिच्या कापडावर दोन माणसं तर सोडाच, एक मांजर जगलं नसतं. म्हणजे खुंटीवरचा पट्टा उतरणार. नुसत्या विचारानं तिच्या कमरेत कळ गेली आणि तिला भिंत धरावी लागली.

पोरी नळावर गेल्या होत्या तेव्हा तिनं काम उरकलं. दोन्ही तुकडे मांडीवर घेतले, सुईच्या टोकानं निळा धागा उसवला, तांबडा उसवला, आणि याचा त्याला, त्याचा याला घातला. वाईट वाटलं नाही असं नाही, वाटलं. पण ती मनाशी म्हणाली, दुभत्या गाईचं दावं कुणी आपल्या हातानं सोडतं का? थोरलीला काय, आज नाही तर उद्या विसरेल. आणि धाकटीचंही भलंच होतंय की. तिथं सगळ्यांना पहिल्यापासून शिकवतात, आधीचा हात विचारतोय कोण? एका दगडात दोन पक्षी, आणि रक्ताचा थेंब नाही. तिनं तुकडे घडी घालून स्वतःच नेऊन दिले. परत आली आणि पोरींना गोडाचं करून वाढलं.

तांबड्या धाग्याची निवड झाली.

बाई स्वतः धाकटीला न्यायला आल्या. बरोबर तो तुकडाही घेऊन आल्या, कारण असं कापड विणणारीच्या घरच्यांनाही त्याची किंमत कळायला हवी, असं त्यांना वाटलं. त्यांनी तो जमिनीवर पसरला. "काठ बघा," त्या म्हणाल्या. "पट्टी ठेवून रेघ मारावी तसा."

विणणारीला आपलं कापड ओळखायला धागा लागत नाही. आई आपलं पोर ओळखायला त्याच्या गळ्यातला ताईत बघते का? थोरलीनं तुकड्याकडं पाहिलं, कोपऱ्यातल्या तांबड्या धाग्याकडं पाहिलं आणि मग आईकडं पाहिलं. धाकटीनंही पाहिलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

कमान थोरलीच्या ओठांकडं बघत होती. बोलेल? बोलली तर बाई दोघींनाही घरी बसवतील, तांबडा गेला आणि निळाही गेला. ते पोरीला कळायला वेळ लागला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिनं खाली वाकून तो तुकडा उचलला, घडी घातली आणि बाईंच्या हातात दिला.

"छान आहे," ती म्हणाली. "नशीबवान आहे आमची धाकटी."

निघताना धाकटी तिच्या गळ्यात पडली आणि रडत म्हणाली, "ताई, मी तुला बोलावून घेईन."

"हो," थोरलीनं तिची वेणी सारखी केली. "जा. उशीर होईल."

कमानीनं सुटकेचा निःश्वास टाकला. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिला वाटलं. पोरगी थोडे दिवस फुगून बसेल, एखादं भांडं आपटेल. आपटू दे, दुभत्या गाईच्या लाथाही गोड.

पण थोरली फुगली नाही. भांडं आपटलं नाही. उलट ती पूर्वीपेक्षा गोड झाली, आईला उठू देईना, पाणीसुद्धा हातात आणून देई. फक्त तिचं कापड आत ओढलं जाऊ लागलं.

पहिल्यांदा गठ्ठेवाला हसला. "ताईंचा हात आज कुठं गेला होता?" दुसऱ्या खेपेला त्यानं कापड उलगडून पाहिलं. नंतरच्या खेपेला त्यानं अर्धं परत दिलं. "मावशी, हे मी कुणाच्या गळ्यात घालू? मध्ये बघा, कंबर आलीय याला."

"अगं काय झालंय तुला?" कमान कडाडली. "लक्ष कुठाय तुझं?"

"कळत नाही गं आई. मी तर नेहमीसारखंच विणते," थोरली म्हणाली आणि पुन्हा पट्टा बांधून बसली.

कमानीनं तिला दटावलं, गोंजारलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सूत बदलून पाहिलं. काही फरक पडेना. मग एका दुपारी ती शेजारी जाते म्हणून निघाली आणि उलट्या पावली येऊन दाराआड उभी राहिली. पोरगी एकटीच विणत होती. मागे रेलली ती अगदी तंतोतंत, हवी तेवढीच. धागे ताठ झाले. कमानीला हायसं वाटलं. तेवढ्यात थोरलीनं कंबर जराशी पुढं घेतली, ताण सोडला, धोटा सरकवला आणि आडवा धागा एकदम जोरात ओढून ठोकला. काठ आत आला. तिनं त्यावर बोट ठेवून बघितलं, कमी वाटला म्हणून तेवढा धागा उसवला आणि परत, अजून वाईट विणला.

"मुद्दाम करतेस!" कमान आत आली.

थोरलीनं मान वर केली. दचकली नाही. "काय मुद्दाम?"

"हे. हे वाकडं. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

"माझं विणकाम असंच आहे आई," थोरली शांतपणे म्हणाली. मग हात लांब करून तिनं मागच्या डब्यातून एक कापड काढलं आणि आईच्या पुढ्यात टाकलं. नापास होऊन परत आलेला तुकडा होता तो. धाकटीनं विणलेला, आणि कोपऱ्यात निळा धागा. "हा माझाच ना? तूच नेऊन दिलास. बाईंनी बघितला आणि नको म्हणाल्या. एवढ्या जाणत्या बाई, त्यांचं चुकेल का? मी याच्यासारखंच विणते. याच्यापेक्षा चांगलं मला कुठून येणार?"

कमान खाली बसली. तिनं दोन्ही कापडं शेजारी शेजारी ठेवली. जिथं धाकटी रेलायला विसरली होती तिथंच थोरलीचा ताण सुटला होता. जिथं धाकटीला आठवण होऊन तिनं जोर लावला होता तिथंच थोरलीचा काठ आत गेला होता. धाग्याला धागा. असं वाईट विणायला केवढा हात लागतो ते त्या गल्लीत कमानीइतकं कुणालाच कळलं नसतं. तिच्या तोंडावर आलं होतं, की खोटं बोलतेस, तुझा तुकडा हा नाहीच. पण ते वाक्य बोललं की पुढचंही बोलावं लागलं असतं.

तिला वाटलं, भूक शिकवेल. भुकेपुढं भल्याभल्यांचा तोरा उतरतो. पण भुकेनं थोरलीचे गाल तेवढे बसले, काठ काही सरळ झाला नाही. गठ्ठेवाल्यानं दारावरून जायला सुरुवात केली. दुकानदारानं हात आखडला. शेजारणीनं एकदोनदा पातेलं झाकून पाठवलं आणि मग तिलाही दुसरी कामं आठवू लागली. नदीपलीकडून धाकटीचा निरोप मात्र यायचा: मी बरी आहे, गोड बोलता येतं म्हणून मला गिऱ्हाइकांपुढं कापड उलगडून दाखवायला ठेवलंय, विणावं लागत नाही. घरी काही पाठवायचं ती विसरायची. विसरणं तिच्या स्वभावातच होतं, तिला का दोष द्या?

शेवटी एका सकाळी चुलीत घालायला काही उरलं नाही आणि चुलीवर ठेवायलाही. कमान उठली. खुंटीपाशी गेली. पट्टा कडक झाला होता, तडे गेले होते. ती तो हातात घेऊन उभी राहिली आणि तिनं थोरलीकडं पाहिलं. आपल्या आईची अवस्था पोरीला दिसत होती. एक शब्द, एक सरळ काठ, एवढंच हवं होतं.

थोरली उठली. "थांब, चामडं मऊ करून देते," ती म्हणाली. तिनं पट्ट्याला दिव्यातलं उरलंसुरलं तेल लावलं, दुसऱ्या खांबाला नवा माग लावला, आईला धरून खाली बसवलं, पाय सरळ करून दिले आणि पट्टा बांधला. घट्टा होता तिथंच बरोबर बसवला. आपला माग सोडून तिनं काठ्या गुंडाळल्या आणि कोपऱ्यात उभ्या केल्या. मग ती कांड्या भरायला बसली.

कमान रेलली आणि तिच्या तोंडून जे निघालं ते शेजारच्या घरात ऐकू गेलं.

कापड मात्र बरं उतरलं. वर्षं लोटली तरी तिचा हात विसरला नव्हता. गठ्ठेवाला परत येऊ लागला आणि म्हणू लागला, "मावशी, म्हातारपणी कमाल केलीत हो." घरात दाणे आले. थोरली स्वयंपाक करायची, पहिला घास आईला भरवायची, कारण जेवायला म्हणून पट्टा सोडला की पुन्हा बांधताना जास्त दुखायचं. संध्याकाळी ती आईला पालथी निजवून कमरेला गरम तेल चोळायची. इतक्या मायेनं चोळायची की दारावरून जाणाऱ्या बायका थांबून म्हणायच्या, लेक असावी तर अशी. त्या तेलानं कळ तेवढी उतरायची की सकाळी परत बसता यावं.

"एकदा तरी बस गं मागावर," कमान उशीत तोंड खुपसून म्हणायची. "एकच हातभर. सरळ."

"मला येत नाही आई."

"येतं तुला."

"कशावरून म्हणतेस?" थोरली विचारायची आणि उत्तराची वाट बघत थांबायची. उत्तर आलं नाही की पुन्हा चोळायला लागायची.

असं किती चाललं असतं कोण जाणे. पण एका दिवशी ऐन दुपारी कमानीचा उजवा पाय बधिर झाला. तिनं मांडीवर चिमटा काढला, काही कळलं नाही. तिच्या हातातला धोटा खाली पडला, आणि तिच्यातलं जे इतके दिवस अडून बसलं होतं तेही पडलं.

"थोरले," ती म्हणाली, "धागे मी बदलले. तुझा तुकडा पास झाला होता. तू गेलीस तर मला पट्ट्यात बसावं लागेल म्हणून केलं मी ते. उद्या जाऊन बाईंना खरं सांगते."

इतके दिवस तिला वाटत होतं, हे बोललं की पोरगी रडेल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल, आणि मग एकदाचं संपेल. थोरलीच्या हातातली कांडी फिरतच होती.

"सांग की," ती म्हणाली. "धाकटीला हाकलतील. आपल्या घरावर फुली मारतील. ती घरी येईल, आणि मी तर घरीच आहे. खाणारी तोंडं तीन होतील. विणणारी तू एकटी."

"मग मी काय करू? तूच सांग. पाया पडू तुझ्या? काय हवंय तुला माझ्याकडून?"

थोरलीनं कांडी ठेवली. ती उठून आईजवळ आली आणि तिच्या बधिर पायाशी बसली. पाय उचलून, नीट सरळ करून, टाच खांबाच्या बुडाशी टेकवून दिली, म्हणजे जोर लावायला आधार मिळावा. पडलेला धोटा उचलून तिनं आईच्या मुठीत ठेवला आणि बोटं त्याभोवती मिटली.

"मला काही नको गं," ती म्हणाली. खरंच तिला काही नको होतं. तिच्या तोंडाकडं बघायला कमानीनं मान उचलली, आणि त्या तोंडावर राग शोधला, दुःख शोधलं, निदान सूड तरी शोधला. काहीच नव्हतं. धागे बदलून तिनं जी पोरगी घरी ठेवून घेतली होती, ती घरात नव्हतीच. कमानीला रडू फुटलं. म्हातारी माणसं रडतात तसं, तोंड उघडं टाकून, आवाज न करता.

थोरलीनं पदर घेतला आणि तिचे डोळे पुसले, एक, मग दुसरा.

"कापडावर पडू देऊ नकोस," ती म्हणाली. "पांढरं आहे, डाग दिसतो."

कमान मागे रेलली.